शॉर्टकट आणि गिट: नव्याने कोडिंग शिकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

ठाणे स्टेशनजवळच्या एका अभ्यासिकेत शनिवारी संध्याकाळी कोडिंगचा सराव चालतो. कळवा, ऐरोली, घणसोली, कधी थेट पनवेलहूनही मुलंमुली येतात. कुणी डिप्लोमाला आहे, कुणी बी.एस्सी. आयटीला, कुणी बी.कॉम. करून इकडे वळलेलं. कुणाला किती येतं ते वेगवेगळं, पण प्रश्न फिरून फिरून तेच येतात. शिकवताना मी जी उत्तरं देते ती इथे एकत्र लिहिली आहेत.

कमांड इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीत, लहान लिपीत टाइप करा. ‘गिट स्टेटस’ म्हणजे दोन शब्द, मध्ये एक स्पेस. ‘डॅश एम’ म्हणजे एक आडवी रेघ आणि तिला चिकटून एम. ‘डॅश डॅश’ म्हणजे दोन रेघा.

मला अजून फॉर लूप नीट जमत नाही. गिट आत्ताच शिकायचं का?

हो, आत्ताच. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम, त्याने जुन्या कोडवर परत जाता येतं. आधी भाषा पक्की करा, गिट नंतर बघू, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. नवशिक्याचा वेळ कशात जातो ते मी दर शनिवारी बघते: चालणाऱ्या कोडला हात लावायच्या भीतीत. प्रोग्राम एकदाचा चालला की मुलं त्याच्या वाटेला जात नाहीत. हे फंक्शन वेगळं काढून बघ म्हटलं की उत्तर ठरलेलं: “ताई, बिघडलं तर?” मग फोल्डरच्या प्रती निघतात. प्रोजेक्ट, प्रोजेक्ट-नवीन, प्रोजेक्ट-फायनल, प्रोजेक्ट-सरांनी-सांगितलेलं. सबमिशनच्या आदल्या रात्री यातलं खरं कुठलं ते ग्रुपमधल्या कुणालाच सांगता येत नाही.

कालच्या कोडवर परत जाता येतं हे जिला पक्कं माहीत आहे, ती बिनधास्त मोडतोड करून बघते आणि त्यातूनच शिकते. म्हणून शॉर्टकट असोत की गिट, मी आधी मागे कसं यायचं ते शिकवते, पुढे कसं जायचं ते नंतर.

शॉर्टकटची यादी पाठ करायची का?

नका करू. शंभर शॉर्टकटचा तक्ता छापून भिंतीवर लावला की दोन दिवसांनी तिकडे कुणी बघत नाही. त्यापेक्षा आज दिवसभरात माउसकडे हात कशासाठी गेला ते बघा. फाइल उघडायला? ओळ कॉपी करायला? टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, शोधायला? त्यातलं सगळ्यात जास्त वेळा केलेलं एक काम निवडा आणि त्या आठवड्यात ते माउसने करायचंच नाही असं ठरवा. सुरुवातीला माउसपेक्षा जास्त वेळ लागेल, तो लागू द्या. आठवड्याने बोटं आपोआप जातात, मग पुढचं काम घ्या.

व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर वापरत असाल तर त्यातच एक मास्तर बसलेला आहे. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा, वर एक पट्टी उघडते. हवं ते काम इंग्रजीत दोन-तीन अक्षरं टाइप करून शोधा. कामाच्या नावासमोर उजव्या बाजूला त्याचा शॉर्टकट लिहिलेला दिसतो. रोज वापरता वापरता तो डोळ्यांत बसतो.

मग पहिले कुठले शिकू?

सगळ्यात आधी कंट्रोल-झेड, आणि जास्त मागे गेलात तर पुढे यायला कंट्रोल-वाय. हे तर येतं, असं सगळे म्हणतात. पण एरर आली की तेच सगळे जण सगळा कोड पुसून पुन्हा लिहायला बसतात. दहा वेळा कंट्रोल-झेड दाबून मागे जा, कुठल्या ओळीपाशी प्रोग्राम पुन्हा चालू लागतो ते बघा. एरर कशाने आली ते तिथेच कळतं.

झेड, एक्स, सी, व्ही ही चार बटणं कीबोर्डवर शेजारी शेजारी आहेत. मागे जाणं, कट, कॉपी, पेस्ट ही चारही कामं डाव्या हाताने होतात. कट-कॉपी-पेस्टची पद्धत 1970 च्या दशकात झेरॉक्स पार्क या अमेरिकी संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी घडवली. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले. संगणक वापरणं माणसाला सोपं कसं होईल, याचा त्यांनी आयुष्यभर विचार केला. 2020 मध्ये ते वारले.

यापुढे व्हीएस कोडमधले हे घ्या. कंट्रोल-पी ने नाव टाइप करून फाइल उघडते. कंट्रोल आणि तिरकी रेघ दाबली की ओळ कॉमेंट होते, पुन्हा दाबली की परत येते. ऑल्ट धरून वर-खाली बाण दाबला की अख्खी ओळ सरकते. एफ-टू ने व्हेरिएबलचं नाव बदललं की ते जिथे जिथे वापरलंय तिथे तिथे बदलतं. हे हाताने शोधून बदलणं म्हणजे एक जागा राहून जाण्याची खात्री. एफ-ट्वेल्व्हने फंक्शन कुठे लिहिलंय तिथे उडी मारता येते. कंट्रोल-डी ने शब्द निवडला जातो, पुन्हा दाबलं की तसाच पुढचा शब्दही निवडला जातो.

एक उदाहरण सविस्तर देते, कारण ते बघून मुलांचे चेहरे बदलतात. ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलमार्गावरच्या स्टेशनांची यादी पायथनमध्ये हवी आहे. कुठून तरी कॉपी केलेली नावं अशी एकाखाली एक आहेत:

ठाणे
ऐरोली
रबाळे
घणसोली
कोपरखैरणे
तुर्भे

प्रत्येक नावाला दोन्हीकडे अवतरणचिन्ह आणि शेवटी स्वल्पविराम हवा. बहुतेक जण पहिल्या ओळीपासून एकेक करत बसतात. त्याऐवजी सगळ्या ओळी निवडा आणि शिफ्ट-ऑल्ट-आय दाबा. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक कर्सर येतो. आता अवतरणचिन्ह आणि स्वल्पविराम एकदाच टाइप करा, सगळीकडे उमटतो. होम दाबा, सगळे कर्सर ओळींच्या सुरुवातीला जातात. तिथे अवतरणचिन्ह. एस्केप दाबा, पुन्हा एकच कर्सर. सगळं चौकोनी कंसात घातलं की यादी तयार. नावं सहा असोत की सहाशे, मेहनत तेवढीच.

विंडोजमध्ये आणखी काही कामाचं?

विंडोज-व्ही. आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी येते. पहिल्यांदा दाबल्यावर ते चालू करायचं का असं विचारतं, हो म्हणा. विंडोज-शिफ्ट-एस ने एररचा हवा तेवढाच फोटो घेता येतो, त्यामुळे मोबाइलने स्क्रीनचे तिरके फोटो काढून ग्रुपवर टाकायची गरज उरत नाही. तरी एरर शक्यतो मजकूर म्हणून पाठवा, फोटोतली एरर कुणाला कॉपी करून शोधता येत नाही. ब्राउझरमध्ये चुकून टॅब बंद झाला तर कंट्रोल-शिफ्ट-टी.

माझ्याकडे मॅक आहे.

बहुतेक ठिकाणी कंट्रोलच्या जागी कमांड दाबा. टर्मिनलमध्ये मात्र कंट्रोल-सी हे कंट्रोल-सीच राहतं.

टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी दाबलं तर कॉपी होत नाही, प्रोग्रामच बंद पडतो. असं का?

टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी चा अर्थ ‘चालू प्रोग्राम थांबव’ असा आहे, आणि तो कॉपी-पेस्टपेक्षा जुना आहे. न थांबणारा व्हाइल लूप लिहिला गेला की हेच बटण सोडवतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कॉपीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी आणि पेस्टसाठी कंट्रोल-शिफ्ट-व्ही. विंडोजवर गिटसोबत येणाऱ्या गिट बॅश या टर्मिनलमध्ये कंट्रोल-इन्सर्ट आणि शिफ्ट-इन्सर्ट.

आणखी एक हमखास प्रसंग. सवयीने कंट्रोल-एस दाबलं जातं आणि लिनक्सचं टर्मिनल गोठतं. काहीही टाइप केलं तरी दिसत नाही. मुलं खिडकीच बंद करतात. बिघडलेलं काहीच नसतं. स्क्रीनवर मजकूर सरकणं थांबवायची ती जुनी सोय आहे. कंट्रोल-क्यू दाबा, पुन्हा सुरू.

टर्मिनलमध्ये सगळ्यात जास्त वेळ वाचवतं ते टॅब. फाइलच्या नावाची दोन अक्षरं टाइप करून टॅब दाबा, बाकीचं नाव आपोआप येतं. वरचा बाण दाबला की आधीची कमांड येते. बॅशमध्ये कंट्रोल-आर दाबून जुन्या कमांडमधला एखादा शब्द टाइप केला की ती कमांड सापडते.

कीबोर्डकडे न बघता टाइप करता यायलाच हवं का?

यायलाच हवं असं नाही. आलं तर फार बरं. कोड लिहिताना विचाराला जास्त वेळ लागतो, बोटांना कमी. पण कंस, अवतरणचिन्ह आणि अंडरस्कोअर कुठे आहेत ते शोधावं लागू नये इतपत सराव कराच.

मराठी कीबोर्ड चालू राहिला की कमांडमध्ये देवनागरी उमटतं. आणि फाइलचं नाव मराठीत ठेवलं तर गिट भलतेच आकडे दाखवतं.

पहिल्याला विंडोज-स्पेस: भाषा बदलते. दुसऱ्यात तुमची फाइल खराब झालेली नाही. इंग्रजी नसलेली अक्षरं गिट आकड्यांत दाखवतं. ‘माहिती’ नावाची फाइल असेल तर यादीत \340\244\256 अशी सुरुवात दिसेल. ते फक्त ‘म’ आहे. एकदाच ही कमांड द्या: गिट कॉन्फिग डॅश डॅश ग्लोबल कोअर डॉट कोटपाथ फॉल्स. नावं मराठीत दिसू लागतील. कमिट म्हणजे गिटच्या इतिहासातली एक नोंद; तिचा मेसेज मराठीत लिहिलेला गिटला चालतो. स्वतःच्या सरावात तुम्ही मराठीतच लिहा, काय बदललं ते जास्त नेमकं लिहिलं जातं. टीमच्या कामात टीमची भाषा.

गिट आणि गिटहब एकच ना?

दोन वेगळ्या गोष्टी. गिट हा तुमच्या लॅपटॉपवर चालणारा प्रोग्राम. फोल्डरमधल्या फाइलींचा इतिहास तो त्याच फोल्डरमध्ये, डॉट गिट नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो. गिटहब ही वेबसाइट. तिथे त्या इतिहासाची प्रत ठेवता येते आणि इतरांसोबत काम करता येतं. गिटलॅबसारख्या दुसऱ्याही साइट आहेत.

गिट आलं ते गरजेतून. लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, लिहिणारे लोक बिटकीपर नावाचं एका कंपनीचं सॉफ्टवेअर वापरत होते. 2005 मध्ये त्याचा फुकट वापर बंद झाला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वतःच गिट लिहायला घेतलं आणि काही दिवसांतच गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. काही महिन्यांत त्यांनी ते काम जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवलं. गिटहब 2008 मध्ये सुरू झालं, 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलरना घेतलं. हे सांगायचं कारण एवढंच की गिटहब नसतानाही गिट होतं आणि अकाउंट न काढताही तुम्ही आज गिट शिकू शकता.

इंटरनेट नसताना गिट चालतं का?

चालतं. अख्खा इतिहास तुमच्याच लॅपटॉपवर असतो. दुपारच्या रिकाम्या पनवेल लोकलमध्ये बसून कमिट करा, घरी वायफायवर पोचल्यावर पुश करा, म्हणजे गिटहबवर पाठवा.

पहिल्यांदा नेमकं काय काय टाइप करायचं?

गिट इन्स्टॉल केल्यावर आधी नाव आणि ईमेल: गिट कॉन्फिग डॅश डॅश ग्लोबल युजर डॉट नेम, पुढे अवतरणचिन्हात नाव. तसंच युजर डॉट ईमेल. हा ईमेल प्रत्येक कमिटमध्ये लिहिला जातो आणि कोड सार्वजनिक ठेवला तर तो कुणालाही दिसतो. नको असेल तर गिटहबच्या सेटिंगमध्ये तुमच्यासाठी एक नो-रिप्लाय पत्ता असतो, तो द्या. मुलींना मी हे आवर्जून सांगते.

मग प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जा. आधी ‘पीडब्ल्यूडी’ ही कमांड देऊन खरंच त्याच फोल्डरमध्ये आहात ना ते बघा. घरच्या मुख्य फोल्डरमध्ये गिट इनिट केलं तर डाउनलोडपासून फोटोंपर्यंत सगळंच गिट मोजायला लागतं. मग क्रमाने: गिट इनिट, याने त्या फोल्डरचा इतिहास ठेवणं सुरू होतं. गिट स्टेटस. गिट ॲड आणि फाइलचं नाव. गिट कमिट डॅश एम आणि अवतरणचिन्हात मेसेज. गिट लॉग डॅश डॅश वनलाइन, यात झालेली कमिटं दिसतात.

यात सगळ्यात महत्त्वाची कमांड गिट स्टेटस. ती काहीही बदलत नाही, फक्त परिस्थिती सांगते आणि बहुतेक वेळा पुढे काय करता येईल तेही कंसात सांगते. प्रत्येक कमांडच्या आधी आणि नंतर स्टेटस बघा. काय झालं हे कळत नसेल तेव्हा तर आधी स्टेटसच.

ॲड वेगळं आणि कमिट वेगळं कशाला?

ॲड म्हणजे पुढच्या कमिटमध्ये काय जाणार ते निवडणं, कमिट म्हणजे त्याची नोंद करणं. वेगळं यासाठी, की एका बैठकीत आपण दोन-तीन वेगळी कामं करून बसतो. वर दिलेल्या यादीत दिघा गाव नाही. ते स्टेशन जानेवारी 2024 मध्ये सुरू झालं आणि जुन्या याद्यांत सापडत नाही. समजा तुम्ही ते ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये घातलं, आणि हात चालला होता म्हणून दुसऱ्या फाइलमधला तिकिटाचा हिशोबही बदलला. स्टेशनची फाइल ॲड करून ‘ठाणे-ऐरोलीमध्ये दिघा गाव जोडलं’ असं एक कमिट करा. मग हिशोबाची फाइल ॲड करा, दुसरं कमिट. उद्या हिशोब चुकीचा निघाला तर फक्त तो मागे घेता येतो, दिघा गाव जागेवर राहतं.

ॲड करण्याआधी गिट डिफ द्या. गेलेली ओळ उणे चिन्हाने आणि आलेली ओळ अधिक चिन्हाने दिसते. दिघा गावच्या बदलात अधिकची एकच ओळ दिसायला हवी. दहा दिसल्या तर काहीतरी जास्तीचं झालंय. गिट ॲड डॉट म्हणजे सगळंच घे. नवशिक्याने ते निदान सुरुवातीला टाळावं.

कमिट किती वेळाने करायचं? मेसेज काय लिहायचा?

घड्याळ बघू नका. प्रोग्राम चालतोय आणि एक काम पूर्ण झालं की कमिट. मेसेजमध्ये काय बदललं आणि गरज असेल तर का, ते लिहा. ‘अपडेट’, ‘चेंजेस’, ‘फायनल’ असे मेसेज महिन्याभराने तुम्हालाच काही सांगत नाहीत.

चुकलं. मागे कसं जाऊ?

या उत्तराची प्रिंट काढून जवळ ठेवा. आधी हात कीबोर्डवरून काढा, मग ठरवा चूक कुठवर पोचली आहे.

फाइलमध्ये लिहिलंय पण ॲड केलेलं नाही: गिट रिस्टोर आणि फाइलचं नाव. फाइल शेवटच्या कमिटसारखी होते. इथे जपा, कारण कमिट न केलेला बदल गिटने टाकला की गिटला तो परत आणता येत नाही. बदल टाकायचा नसून बाजूला ठेवायचा असेल तर गिट स्टॅश, आणि परत आणायला गिट स्टॅश पॉप.

ॲड केलंय, कमिट केलेलं नाही: गिट रिस्टोर डॅश डॅश स्टेज्ड आणि फाइलचं नाव. फाइल नुसती यादीतून बाहेर येते, लिहिलेलं जसंच्या तसं राहतं.

कमिट केलं आणि मेसेज चुकला, किंवा एक फाइल राहिली: राहिलेली फाइल ॲड करा आणि गिट कमिट डॅश डॅश अमेंड. पुश करण्याआधीच हे करा.

कमिट पुशही झालं आणि इतरांनी घेतलं: गिट रिव्हर्ट आणि त्या कमिटचा आकडा. जुनं कमिट पुसलं जात नाही, त्याच्या उलट बदल करणारं नवं कमिट तयार होतं. कुणाच्याही कामात गडबड होत नाही. कमिटचा पूर्ण आकडा साधारणपणे 40 अक्षरांचा असतो, पण लॉगमध्ये दिसणारी पहिली सात पुरतात.

गिट रिसेट डॅश डॅश हार्ड ही कमांड इंटरनेटवर प्रत्येक दुखण्यावर सुचवलेली दिसते. कमिट न केलेलं काम ती विचारल्याशिवाय टाकून देते. पहिल्या काही महिन्यांत तिची गरज जवळजवळ कधीच नसते.

आणि तरीही एखादं कमिट दिसेनासं झालं तर घाबरू नका. गिट रिफ्लॉग द्या. तुम्ही कुठून कुठे गेलात त्याची नोंद गिट ठेवतं. काही वेगळं सेटिंग केलं नसेल तर ती 90 दिवस राहते, आणि कुठल्याच ब्रँचवर (इतिहासाच्या फांदीवर) न उरलेल्या कमिटची 30 दिवस. त्यातला आकडा घेऊन गिट ब्रँच, नवं नाव आणि तो आकडा अशी कमांड दिली की हरवलेलं काम नव्या ब्रँचवर परत येतं. अभ्यासिकेत “सगळं गेलं” म्हणून आलेली मुलं बहुतेक वेळा रिफ्लॉग बघून हसत परत जातात. अट एकच, कमिट केलेलं असलं पाहिजे.

डॅश एम लिहायचं राहिलं आणि विचित्र स्क्रीन आली. बाहेर पडता येत नाही.

तो विम नावाचा एडिटर आहे. एस्केप दाबा, मग विसर्गासारखं चिन्ह, क्यू आणि उद्गारचिन्ह टाइप करून एंटर. बाहेर याल, कमिट होणार नाही. पुन्हा विम नको असेल तर कोअर डॉट एडिटरला अवतरणचिन्हात ‘कोड डॅश डॅश वेट’ द्या, मेसेज व्हीएस कोडमध्ये लिहिता येईल.

एकट्याच्या प्रोजेक्टला ब्रँच लागते का?

लागते असं नाही, पण सवय लावा. गिट स्विच डॅश सी आणि नाव दिलं की नवी ब्रँच तयार होते. तिथे हवे ते प्रयोग करा. जमलं तर मुख्य ब्रँचवर येऊन गिट मर्ज देऊन ते तिच्यात मिसळा, नाही जमलं तर ब्रँच सोडून द्या. जुन्या व्हिडिओंमध्ये यासाठी चेकआउट दिसेल; स्विच आणि रिस्टोर 2019 मध्ये आले, आणि नवशिक्याला तेच सोपे जातात. मुख्य ब्रँचचं नाव कुठे मास्टर तर कुठे मेन दिसतं. गिटहबवर ऑक्टोबर 2020 पासून नव्या रेपोत (गिटने सांभाळलेल्या प्रोजेक्टमध्ये) मेन असतं. लॅपटॉपवर मास्टर असेल तर पुश अडू शकतो; गिट ब्रँच डॅश एम मेन देऊन नाव बदला.

मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट आला. आता?

दोघींनी एकच ओळ वेगवेगळी बदलली, आणि कुठली ठेवायची ते गिट तुम्हाला विचारतंय, इतकंच. फाइल उघडली की असं दिसतं:

<<<<<<< हेड
सूचना = "पुढील स्टेशन ऐरोली"
=======
सूचना = "पुढचं स्टेशन ऐरोली"
>>>>>>> सुधारणा

वरचा भाग तुमच्या ब्रँचवरचा, खालचा ‘सुधारणा’ ब्रँचवरून आलेला. एक ठेवा, दुसरा ठेवा किंवा दोन्हींतून तिसरा लिहा. पण बाणांच्या आणि बरोबरच्या चिन्हांच्या ओळी काढून टाका. प्रोग्राम चालवून बघा. मग ॲड आणि कमिट. गोंधळ वाटला तर गिट मर्ज डॅश डॅश अबॉर्ट, मर्जच्या आधी होतात तिथे परत.

आणि जिच्यासोबत काम करताय तिला फोन करा. ‘पुढील’ ठेवायचं की ‘पुढचं’ हा निर्णय दोघींचा आहे. ग्रुप प्रोजेक्टमधली निम्मी कॉन्फ्लिक्ट्स सकाळी बसताना गिट पुल करून इतरांचे बदल घेतले तर येतच नाहीत.

गिटहब बरोबर पासवर्डही घेत नाही.

13 ऑगस्ट 2021 पासून टर्मिनलमधून गिट वापरताना गिटहब अकाउंटचा पासवर्ड स्वीकारत नाही. विंडोजवर गिटसोबत येणारी खिडकी ब्राउझर उघडून लॉगिन करून देते, ते सगळ्यात सोपं. नाहीतर सेटिंगमधून पर्सनल ॲक्सेस टोकन काढा किंवा एसएसएच की लावा, दोन्ही पासवर्डऐवजी चालतात.

कुठल्या फाइली कमिट करू नयेत?

पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटचं फोल्डर, नोड मॉड्यूल्सचं फोल्डर (दोन्हींत बाहेरून उतरवलेल्या लायब्ररी असतात), आणि पासवर्ड किंवा एपीआय की, म्हणजे एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली, असलेली फाइल. त्यांची नावं डॉट गिटइग्नोर नावाच्या फाइलमध्ये लिहा, पहिल्या कमिटच्या आधीच. आधी कमिट झालेली फाइल नुसतं तिथे नाव लिहून सुटत नाही. गिट आरएम डॅश डॅश कॅश्ड द्यावं लागतं. आणि की एकदा सार्वजनिक रेपोत पुश झाली की पुढच्या कमिटमध्ये पुसून उपयोग नाही, ती इतिहासात राहते. ज्या सेवेची की आहे तिथे जाऊन ती ताबडतोब रद्द करा आणि नवी घ्या. रेपो खाजगी करणं हे त्यानंतरचं काम. गिटहब 100 एमबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही, त्यामुळे प्रोजेक्टचा डेमो व्हिडिओ त्यात टाकायला जाऊ नका.

व्हीएस कोडमधली बटणं दाबून सगळं होतं. कमांड कशाला?

डिफ बघायला आणि कॉन्फ्लिक्ट सोडवायला ती बटणं उत्तम आहेत, मीही वापरते. पण आधी दोन-तीन आठवडे कमांड द्या. बटणाने काही अडलं की एरर शेवटी गिटच्याच शब्दांत येते, आणि ते शब्द ओळखीचे असले पाहिजेत.

एआयकडून कोड घेतला तर गिटचा काय उपयोग?

उलट तेव्हाच जास्त. विचारण्याआधी कमिट करा. आलेला कोड घातल्यावर गिट डिफ वाचा, ओळ न् ओळ. न कळलेली ओळ कमिट करू नका. पंचवीस ओळी बदलल्या आणि तुम्ही तर एकच गोष्ट मागितली होती, हे डिफशिवाय कळत नाही.

महापे, ऐरोलीच्या कंपन्यांत मुलाखतीला गिटहब बघतात का?

कुठे बघतात, कुठे नाही. बघितलं तर काय दिसावं हे तुमच्या हातात आहे. दुसऱ्यांचे पन्नास प्रोजेक्ट फोर्क करून, म्हणजे आपल्या अकाउंटवर त्यांच्या प्रती काढून, ठेवण्यापेक्षा स्वतःचा एक छोटा प्रोजेक्ट, कसा चालवायचा हे सांगणारी रीडमी फाइल आणि अर्थ लागेल असे कमिट मेसेज असू द्या. गिटहबच्या प्रोफाइलवर कमिट केलेल्या दिवसांचे हिरवे चौकोन दिसतात, त्यांच्यासाठी रोज रिकामी कमिटं करू नका, दोन प्रश्नांत उघडं पडतं. ‘गिट पुल आणि गिट फेचमध्ये फरक काय’ याचं उत्तर तयार असू द्या: फेच नुसतं आणतं, पुल आणून तुमच्या ब्रँचमध्ये मिसळतंही.

घरात एकच लॅपटॉप, मी आणि दादा दोघं वापरतो. कमिट दादाच्या नावाने जातात.

कारण ग्लोबल सेटिंग दादाने केलंय. तुझ्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन नाव-ईमेलची तीच कमांड ‘डॅश डॅश ग्लोबल’ न लिहिता दे. त्या फोल्डरपुरतं तुझं नाव लागेल. जमत असेल तर विंडोजमध्ये दोघांची वेगळी युजर अकाउंट करा, म्हणजे गिटहबचं लॉगिनही वेगळं राहील. कॉलेजच्या लॅबमध्ये लॉगिन केलं असेल तर उठताना कंट्रोल पॅनलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन गिटहबची नोंद काढून टाक, ब्राउझरमधूनही लॉगआउट कर. आधी झालेली, पण अजून पुश न केलेली कमिट दादाच्या नावाने असतील तर त्यातलं शेवटचं गिट कमिट डॅश डॅश अमेंड डॅश डॅश रिसेट डॅश ऑथर देऊन तुझ्या नावावर होईल. त्याआधीच्यांसाठी शनिवारी लॅपटॉप घेऊन ये, शेजारी बसून करू.